कडासुराच्या पाठीवरचं कडं

२ मार्च

ती. मामा,
सा. न.

आधी ताजी बातमी. आपला प्राणी पास झाला. आज दुपारी साडेतीनला खुद्द कथाप्रमुखांनी सगळ्या मजल्यासमोर उभं राहून सांगितलं, म्हणजे आता पक्कं. आमच्या 'डबीदैत्य' खेळाच्या सहाव्या भागात एकशे चौदा नवे प्राणी येणार आहेत. मुलं ते शोधणार, डबीत भरणार आणि एकमेकांच्या अंगावर सोडणार. त्यातला एकशे एकावा तुझ्या भाचीचा. नाव कडासूर.

तू म्हणशील, फोन का नाही केलास? कंपनीने आमच्या सह्या घेतल्यात. नव्या खेळाबद्दल फोन, मेल, मेसेज, फोटो यांतून एक अक्षर बाहेर गेलं तर नोकरी गेली. बंदीची यादी सव्वा पानाची आहे आणि तीत पोस्टाचं पत्र नाही. वकिलांना आठवलंच नसेल. जानेवारीत तुझ्याकडून सतरा नंबरच्या सांगाड्याचं चित्र पोस्टाने मागवलं ते म्हणूनच.

बैठकीत कथाप्रमुखांनी विचारलं, "हा लढतो कसा?" मी म्हटलं, "मामा म्हणतो, हा दिवसभर पाला चावत बसायचा." ते म्हणाले, "मग समोरच्याने काय, पाला संपायची वाट बघायची?" मी गारच पडले होते. पण पाठीवरच्या गोल कड्याने वाचवलं. ते कडं आता सुटतं, गरगर फिरतं, शत्रूला लागून परत पाठीवर येतं. नाव त्यावरूनच पडलं. लहानपणी तो गोंडस दिसतो, मोठेपणी भयंकर, आणि दोन्ही वेळा खेळणं म्हणून विकता येतो. आमच्याकडे उत्क्रांती यालाच म्हणतात.

मामीला नमस्कार.

तुझी
ठकी


१३ मार्च

चि. ठकीस,
अनेक आशीर्वाद.

अभिनंदन. कडं वगैरे तुमच्या खेळाची गरज असेल, मी त्यात पडत नाही. सतरा नंबर कुणाशी लढला असेल असं त्याचं एकही हाड सांगत नाही. पण त्याला तरी कुठे विचारायचंय?

इकडची बातमी बरी नाही. संग्रहालयाला नवे संचालक आलेत. याआधी मॉल चालवायचे. आमच्या हाडांच्या दालनाच्या दारात ते हातात टकटक वाजणारं मोजणीयंत्र घेऊन उभे राहतात. मंगळवारी एकोणीस माणसं मोजली. त्यातल्या दोघांना स्वच्छतागृह हवं होतं. ते मला म्हणाले, "तुमचे प्राणी हलत नाहीत हो." मी म्हटलं, "मेलेत ते." म्हणाले, "तीच तर अडचण आहे."

सप्टेंबरअखेर दालन रिकामं करायचं ठरतंय. तिथे अनुभव केंद्र होणार. कसला अनुभव, ते अजून ठरलेलं नाही. सांगाडे सुटे करून पेट्यांतून गोदामात. एकतीस वर्षं मी सतरा नंबर जुळवतोय, ठकी. गोदामात गेलेलं हाड परत आलेलं मी एकदाही पाहिलेलं नाही.

लहानपणी तू इथे यायचीस तेव्हा विचारायचीस, काही हाडं तपकिरी आणि काही पांढरी का? आठवतं ना? तपकिरी म्हणजे सापडलेलं. पांढरं म्हणजे न सापडलेलं, मी प्लॅस्टरचं केलेलं. दुसरे लोक प्लॅस्टरला हाडाचा रंग देतात. मी देत नाही. कुठे माहिती संपते आणि कुठे मी सुरू होतो, ते बघणाऱ्याला दारातूनच दिसलं पाहिजे. संचालकांना ते अर्धवट राहिलेलं काम वाटतं.

तुझा
मामा


४ एप्रिल

ती. मामा,
सा. न.

दालनाचं वाचून वाईट वाटलं. पण थांब, आमचा खेळ येऊ दे. कडासूर तुझ्या सतरा नंबरवरून आलाय हे कळलं की तुझे संचालक दुसरं यंत्र विकत आणतील.

आणि ते कळणारच आहे. प्रत्येक प्राण्याच्या तक्त्यात 'आधार' असा रकाना असतो. बाकीचे सगळे तिथे 'कल्पना' लिहितात. मी लिहिलं, 'संग्रहालयातील तज्ज्ञाचे मूळ रेखाचित्र'. मार्केटिंगवाला ते वाचून खुर्चीतून उठलाच. आता कडासुराच्या कार्डावर, खोक्यावर, भिंतीवरच्या चित्रावर एकच ओळ असेल: 'खऱ्या जीवाश्मावर आधारित'. एकशे तेरा प्राणी खोटे आणि एक खरा, म्हणून बाकीच्यांचे चित्रकार माझ्याशी बोलेनासे झालेत.

एक विचारायचं राहिलं. कार्डाच्या मागे दोन ओळींची माहिती हवी आहे. ते कडं खरोखर कशासाठी होतं? हाडाचं होतं की कातड्याचं? चित्रात तू ते कंपास न वापरता इतकं सफाईने काढलंयस की आमचे लोक अजून त्याबद्दल बोलतात.

तुझी
ठकी


१२ एप्रिल

चि. ठकीस,
अनेक आशीर्वाद.

कसलं कडं?

मला वाटलं ते तुमच्या डोक्यातून निघालं. मी कडं काढलेलं नाही. सतरा नंबरच्या पाठीवर मणके आहेत आणि मणक्यांवर धूळ. चित्राची प्रत लगेच पाठव. मूळ नको, हरवेल.

मामा


१९ एप्रिल

ती. मामा,
सा. न.

झेरॉक्स सोबत आहे. लाल बाण केलाय तिथे बघ. पाठीच्या मधोमध, अगदी गोल. मूळ चित्रात फिकट तपकिरी आहे, इथे काळं दिसतंय. डाव्या बाजूला एका ठिकाणी रेघ तुटलीय. आमच्या मते कडं तिथे उघडतं. खेळण्यात तिथेच कळ बसवलीय.

आता आठवलं ना?

ठकी


२५ एप्रिल

ठकी,

तो कप आहे.

चहाचा. चित्र पाकिटात घालायच्या आधी कधीतरी त्यावर ठेवला गेला असणार. मी रोज त्याच टेबलावर बसून चहा पितो, त्यामुळे दुसरं कुणी असण्याचा प्रश्न नाही. मोजून पाहिलं. माझ्या कपाचं बूड डागापेक्षा दोन मिलिमीटर मोठं भरतं, पण झेरॉक्समध्ये कागद थोडा आकसतो. रेघ तुटली आहे तिथे माझ्या कपाला काही झालेलं नाही. कागदच उंचसखल असेल.

कार्डाच्या मागे काय छापायचं ते आता तू ठरव. हाडाचं की कातड्याचं, तर चिनी मातीचं.

मामा


३ मे

ती. मामा,

पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा हसले. दुसऱ्यांदा हसू आलं नाही. तिसऱ्यांदा जिन्यात जाऊन वाचलं.

आता काही बदलता येणार नाही. खेळणी तयार झालीत, कार्डं छापून झालीत, कड्याचं गाणं रेकॉर्ड झालंय. काल कथाप्रमुखांनी सगळ्यांसमोर माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हटलं, "यातलं विज्ञान बघा." मी मान डोलावली. कशी डोलावली ते मला विचारू नकोस.

मामा, कुणाला सांगू नकोस. खेळातला प्राणी आहे. मुलं काय त्याचं शवविच्छेदन करणार आहेत? एका कपाने कुणाचं काय बिघडतंय? कळलं तर माझी नोकरी जाईल, आणि चहाच्या डागावरून नोकरी गेली असं आईला सांगायची माझी तयारी नाही.

उत्तर दे.

ठकी


३० ऑगस्ट

चि. ठकीस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या मे महिन्यातल्या पत्राला उत्तर दिलं नाही. 'नाही' लिहायचं नव्हतं आणि 'हो' लिहिता येत नव्हतं.

तुमचा खेळ येऊन दीड महिना झाला. गेल्या रविवारी आमच्या दालनात अकराशे माणसं आली. संचालकांच्या मोजणीयंत्राचं बटण आत अडकलं. मुलं सतरा नंबरसमोर उभी राहून 'कडासूर, कडासूर' ओरडतात आणि हातातली कडी फेकतात. दिवसअखेर मी फासळ्यांमधून कडी काढतो. काल चौदा निघाली.

बाकी सगळं ठीक. तब्येत चांगली आहे. काळजी करू नकोस.

मामा

ता. क. ठकी, मी मामी. सगळं ठीक नाहीये. मुलं येतात आणि पहिला प्रश्न विचारतात, "याचं कडं कुठाय?" संचालक याला म्हणाले, सांगाड्याला कडं बसवा, हाडाच्या रंगात रंगवा आणि 'मूळ अवशेष' अशी पाटी लिहून खाली सही करा. सही केलीत तर दालन कायमचं राहील. नाही केलीत तर सप्टेंबरअखेर पेट्या. हा घरी येऊन काही सांगत नाही. जेवताना चमच्याने ताटात गोल काढत बसतो. मी पत्र टाकायला नेतेय म्हणून ही ओळ लिहिली.


६ सप्टेंबर

ती. मामा,
सा. न.

मामीने कळवलं. तिला रागावू नकोस.

सही करून टाक, मामा. नीट विचार कर. दालन राहील, सतरा नंबर पेटीत जाणार नाही, माझी नोकरी राहील, मुलं खूश होतील. नुकसान फक्त खरेपणाचं, आणि त्याच्या बाजूने तक्रार घेऊन कोण येणार आहे? तू एकतीस वर्षं खरं बोललास तेव्हा एकोणीस माणसं आली. त्यातली दोन कशासाठी आली ते तूच लिहिलंयस.

हे लिहिताना मला बरं वाटत नाहीये. पण पेट्यांचा विचार केला की त्याहून वाईट वाटतं. लहानपणी मी त्या सांगाड्याखाली डबा खाल्लाय.

ठकी


१६ सप्टेंबर

चि. ठकीस,
अनेक आशीर्वाद.

कडं बसवलं. सहीही केली. आता कसं, ते ऐक.

संचालक रंगाचा डबा घेऊन स्वतः आले होते. "रंग द्या," म्हणाले. "मुलांना वाटलं पाहिजे की हे खरं आहे."

"खरं नाही," मी म्हटलं.

"म्हणून तर रंग द्यायचा," ते म्हणाले.

इतकी सरळ गोष्ट मला समजत नाही याचं त्यांना मनापासून वाईट वाटत होतं. माणूस वाईट नाही. मॉलमध्ये त्यांनी झाडंसुद्धा प्लॅस्टिकची लावली होती, आणि एकाही गिऱ्हाइकाने पाणी का घालत नाही म्हणून विचारलं नव्हतं.

ते गेल्यावर मी प्लॅस्टर कालवलं. आधी वाटलं, देऊन टाकावा रंग. ब्रश बुडवलाही होता. मग वर पाहिलं. नववा मणका. तो मिळाला नाही म्हणून मी चार वर्षं ती जागा मोकळी ठेवली होती, आणि शेवटी बसवला तो पांढरा. त्या मणक्यासमोर तपकिरी कडं कुठल्या तोंडाने लावायचं? ब्रश धुऊन ठेवला. कडं पांढरंच बसवलं, पाठीच्या मधोमध, तुटलेल्या जागेसकट. खाली पाटी लावली:

'पाठीवरचे कडे: प्लॅस्टर. हाड नाही, अंदाजही नाही. रेखाचित्रावर ठेवलेल्या चहाच्या कपाचा डाग. कप: या दालनात हाडे जुळवणाऱ्याचा.' आणि खाली सही. त्यांना सही हवी होती, ती दिली.

सकाळी एका शाळेचा वर्ग आला. पुढचे दोन दात पडलेल्या एका मुलीने पाटी मोठ्याने वाचली. मग म्हणाली, "काका, मग ही फासळी पण पांढरी आहे. ही पण तुम्ही केली?"

"हो."

"ही पण? हा पाय पण?" तिने सगळं पांढरं बोट ठेवून मोजलं. त्रेचाळीस निघाली. "म्हणजे तुम्हाला पण सगळं माहीत नाही."

"नाही."

तिने पाटी पुन्हा एकदा वाचली. मग म्हणाली, "कप दाखवा."

मी आत जाऊन कप आणला. सबंध वर्ग रांगेत उभा राहून एकेक करून तो बघून गेला. सांगाड्यासमोर इतका वेळ रांग लागलेली मी पाहिलेली नाही.

बाई म्हणाल्या, उद्या दुसरी तुकडी आणते. संचालक आतून हे सगळं बघत होते. पाटीचा फोटो काढून गेले. तो तुमच्या कंपनीपर्यंत पोचेल, म्हणून आधी तुला लिहितोय. तुझ्याकडून परवानगी घेतली नाही. घेतली असती तर तू नको म्हणाली असतीस आणि मला ऐकावं लागलं असतं. नोकरीला काही झालं तर इथे ये. हाडं पुसायला माणूस हवाच आहे.

मामा


२४ सप्टेंबर

ती. मामा,
सा. न.

फोटो तुझ्या पत्राच्या आधी पोचला.

बैठकीला बोलावलं. कथाप्रमुखांनी तुझ्या पाटीचा फोटो टेबलावर ठेवला. "हे काय?"

"चहा," मी म्हटलं.

मी सगळं सांगितलं: पोस्ट, झेरॉक्स, तुझं पत्र, आणि मेपासून मला माहीत होतं तेही. शेवटचं सांगायची गरज नव्हती, पण त्रेचाळीस पांढरी हाडं डोळ्यांसमोर होती. मग पेन खिशाला लावलं आणि टेबल आवरायला निघाले.

तेवढ्यात मार्केटिंगवाला धावत आला. तुझ्या पाटीचा फोटो इतक्या मुलांनी एकमेकांना पाठवलाय की आता सगळ्यांना पांढऱ्या कड्याचाच कडासूर हवा आहे. पंधरा मिनिटांत ठरलं: 'दुर्मीळ पांढरा कडासूर'. याचं कडं फेकलं की समोरच्याला आपली चूक कबूल करावी लागते. कथाप्रमुख म्हणाले, "मला हे पहिल्यापासून जाणवत होतं." मघाशी ते मला काढणार होते.

आता मी सत्यता विभागाची प्रमुख आहे. विभागात मी आणि एक खुर्ची. काम असं की बाकीच्या एकशे तेरा जणांना कशावरून काढलं ते शोधायचं. कालपर्यंत एक तोटी, एक चप्पल आणि कुणाच्या तरी सासऱ्यांचं नाक सापडलंय. चित्रकार आता माझ्याशी बोलतात, पण हळू आवाजात.

एक वाईट बातमी. बंदीच्या यादीत काल नवी ओळ वाढली: 'पोस्टाने पाठवलेली पत्रे'. उद्यापासून लागू. म्हणजे हे शेवटचं. मूळ चित्र घेऊन मी स्वतःच येते, चार तारखेला, रविवारी. माणसाने जाऊन तोंडाने सांगणं यादीत अजून आलेलं नाही.

आणि मामा, सही कर म्हणाले होते ते पत्र फाडून टाक.

तुझी
ठकी


२९ सप्टेंबर

चि. ठकीस,
आशीर्वाद.

तू लिहायचं नाही असं यादीत आहे. मामीने लिहू नये असं कुठे आहे?

पत्र फाडलेलं नाही. हा काहीच फाडत नाही, तारखेप्रमाणे लावून ठेवतो.

पेट्या आल्या होत्या, त्या परत गेल्या. संचालक आता येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात की पांढरं कडं ही त्यांचीच कल्पना. त्यांनी मामाचा कप काचेच्या पेटीत ठेवलाय, वर दिवा, भोवती दोरी. समोर बोर्ड आहे: 'कृपया कपाला स्पर्श करू नये'. सतरा नंबरच्या पायाला मात्र कुणीही हात लावतं. मामा आठवडाभर स्टीलच्या पेल्यातून चहा पितोय आणि रोज ओठ भाजून घेतोय. दालनाचा शेवटचा निर्णय समितीचा. पाच तारखेला, सोमवारी, सकाळी अकराला त्यांची बैठक आहे, काचेच्या पेटीसमोरच. संचालक म्हणतात दालन राहतंय, फक्त शिक्का बाकी. मामा समितीला पाटी वाचून दाखवणार आहे.

आता जे सांगायचंय ते. तो कप त्याचा नाही.

जानेवारीत तो पाकीट शोधायला उठला आणि मी माझा कप त्या चित्रावर ठेवला. उचलला तेव्हा डाग दिसला. ओल्या फडक्याने पुसला, गेला असं वाटलं. एकतीस वर्षं मी या माणसाला ओरडतेय की कागदांवर चहा ठेवू नकोस. ते कबूल कसं करणार होते? माझा कप त्याच्यापेक्षा दोन मिलिमीटर लहान आहे आणि बुडाला डावीकडे टवका गेलाय. ज्या माणसाने गुडघ्याच्या वाटीवरून अख्खा प्राणी उभा केला, त्याला रोज समोर असलेला कप दिसला नाही. कागद आकसतो म्हणे!

गप्प बसले असते. पण त्या पाटीवर त्याची सही आहे आणि ती पाटी चुकीची आहे. तू तुझ्या बैठकीत सांगितलंस, मग मला काय धाड भरलीय?

रविवारी जेवणं झाली की सांगणार आहे. तो आधी माझ्या कपाचं माप घेईल. मग टवका डागाशी लावून बघेल. मग स्क्रू ड्रायव्हर घेऊन पाटी काढायला निघेल. तू त्याला अडवू नकोस, दालनाची किल्ली त्याच्याचकडे असते. समितीला सोमवारी नवी पाटी वाचायला मिळेल. ओळी तशाच राहतील, शेवटी कुणाचा कप तेवढं बदलेल.

येताना दोन कप आण. त्याचा पेटीतून बाहेर निघायला दिवस लागतील, आणि माझा सोमवारी सकाळी आत जाईल.

तुझी
मामी